दोन लिंक असूनही मेनफ्रेमची स्क्रीन अडकते, तेव्हा नेमकं काय बघायचं

ठाण्यात वागळे इस्टेटमधलं एक ऑफिस घ्या, समजा विम्याच्या कामाचं, आणि त्यांचा मेनफ्रेम, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा मोठा मध्यवर्ती कॉम्प्युटर, तिकडे नवी मुंबईत महापेच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये. मधे दोन लिंक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन्हीचं भाडं दर महिन्याला जातं आणि तरी पावसाळा लागला की मधूनच अर्ध्या ऑफिसची स्क्रीन अडकून बसते. मॅनेजर विचारतात दोन दोन लिंकचे पैसे कशाला भरतोय आपण, लिंकवाले म्हणतात साहेब आमच्याकडून सगळं अप आहे, आणि शेवटी खापर फुटतं मेनफ्रेमवर, ज्याचा बहुतेक वेळा यात काही संबंधच नसतो. हे सगळं नेटवर्कमधल्या नसलेल्या माणसालाही समजावं आणि जी नवीन मुलंमुली सपोर्टला लागलीयत त्यांना शोधायचं कुठून सुरू करायचं ते कळावं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी मेनफ्रेमबद्दल थोडं. आयबीएमने सिस्टिम ३६० जाहीर केला तो एप्रिल १९६४ मध्ये, त्याला जोडायचे ३२७० टर्मिनल, म्हणजे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड, आले १९७१ मध्ये, आणि त्या टर्मिनलची बोलायची पद्धत आजही तशीच चालू आहे, फक्त टर्मिनलच्या जागी पीसीवरचं एम्युलेटर आलं, म्हणजे टर्मिनलचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर, आणि जुन्या केबलच्या जागी टीसीपी/आयपी, इंटरनेटवर चालते तीच पद्धत. याला टीएन३२७० म्हणतात. यात तुम्ही स्क्रीनवर कितीही टाइप करा, मेनफ्रेमला त्याचा पत्ता नसतो, एंटर दाबलं की भरलेल्या रकान्यांमधलं सगळं एकदम जातं, कीबोर्ड लॉक होतो, खालच्या ओळीत एक्स येतो आणि पुढची स्क्रीन आली की कीबोर्ड सुटतो. सकाळी लॉगिन केलेलं सेशन संध्याकाळपर्यंत एकाच टीसीपी कनेक्शनवर चालतं. वेबसाइट असती तर रिफ्रेश मारून भागलं असतं, इथे कनेक्शन तुटलं म्हणजे अर्धी भरलेली नोंद गेली, परत लॉगिन, परत सगळे मेनू, आणि काउंटरसमोर बसलेल्या काकांना परत पहिल्यापासून सगळं विचारायचं. म्हणून लिंक बदलताना चालू कनेक्शन जिवंत राहिलं तरच त्या दुसऱ्या लिंकला अर्थ.

रस्ता कसा असतो ते एकदा डोळ्यासमोर आणा. पीसी, मग ऑफिसचा स्विच, मग दोन राउटर, प्रत्येक राउटरला एक लिंक, लिंक म्हणजे भिंतीवरचा मीडिया कन्व्हर्टर (राउटरची केबल फायबरला जोडणारा डबा), तिथून फायबर, लिंकवाल्याचं नेटवर्क, पलीकडे डेटा सेंटरचे दोन राउटर, फायरवॉल, स्विच आणि शेवटी मेनफ्रेमची नेटवर्क कार्डं, ज्यांना ओएसए म्हणतात. कार्डंही शक्यतो दोन असतात, आणि मेनफ्रेमला एक असा आयपी देतात जो कुठल्याच कार्डाला बांधलेला नसतो, त्याला व्हीआयपीए म्हणतात, एक कार्ड गेलं तरी तोच आयपी दुसऱ्या कार्डावरून पोचतो. इथेच एक साधी चूक बऱ्याच ठिकाणी सापडते: काही पीसींच्या एम्युलेटरमध्ये व्हीआयपीएऐवजी एका कार्डाचाच आयपी टाकलेला असतो, कोणीतरी कधीतरी जुन्या पीसीवरून सेटिंग कॉपी केलेलं असतं. मग तेवढं कार्ड किंवा त्याचा स्विच बंद झाला की फक्त तेवढेच पीसी बंद, आणि सगळे लिंकला शिव्या देत बसतात. त्यामुळे तक्रार आली की बंद पडलेल्या आणि चालू असलेल्या अशा दोन्ही पीसींवर एम्युलेटरमधला होस्टचा पत्ता बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता हिरव्या लाइटचं. पूर्वी सिरीयल लीज्ड लाइन असायच्या, ६४ केबीपीएसच्या वगैरे, आणि पलीकडे लाइन तुटली की राउटरला बहुतेक लगेच कळायचं. आता लिंक इथरनेटवर येते. राउटरची केबल जाते मीडिया कन्व्हर्टरमध्ये, कन्व्हर्टर त्याच खोलीत, चालू, त्यामुळे राउटरचं पोर्ट अप, लाइट हिरवा. आणि फायबर तुटलीय पार घणसोलीला. राउटरच्या दृष्टीने लिंक उत्तम आहे, तो पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, पाठवत राहतो आणि ती पुढे कुठेतरी हवेत जातात. लिंकवाला "अप आहे" म्हणतो तेव्हाही बऱ्याचदा तो त्याच्या जवळच्या टोकाचंच पोर्ट बघत असतो, खोटं बोलत नसतो.

म्हणून राउटरला पोर्टवर विसंबून ठेवायचं नाही, त्याला पलीकडच्या टोकाशी सतत बोलायला लावायचं. दोन्ही राउटरमध्ये ओएसपीएफ किंवा बीजीपी, म्हणजे राउटरनी एकमेकांना रस्ते सांगायच्या पद्धती, चालू असतील तर त्यांचे हॅलो मेसेज हे काम करतात, सोबत बीएफडी नावाची झटपट तपासणी लावली तर फार लवकर करतात. साधे स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून ठेवलेले रस्ते, असतील तर राउटरला दर काही सेकंदांनी पिंग करायला, म्हणजे पलीकडच्याला "आहेस का" विचारायला सांगायचं आणि पिंग फेल झालं की रूट काढून टाकायचा. यात पिंग कुणाला करायचं हे नीट ठरवावं लागतं. लिंकवाल्याच्या पहिल्या राउटरला पिंग लावलं तर त्याच्या पुढे काय तुटलं ते कळणार नाही, आणि थेट मेनफ्रेमलाच लावलं तर मेनफ्रेम मेंटेनन्सला गेला की दोन्ही लिंक डाउन समजून राउटर भलतंच करेल. डेटा सेंटरमधला त्या त्या लिंकचा राउटर हे बरोबर टार्गेट, आणि ते पिंग त्याच लिंकवरून जाईल असं बांधून टाकायचं, नाहीतर लिंक तुटल्यावर पिंग दुसऱ्या लिंकवरून फिरून पोचतं आणि तुटलेली लिंक चांगली असल्याचा रिपोर्ट येत राहतो.

स्क्रीन किती वेळ अडकली हे विचारायची सवय लावून घ्या, कारण त्या उत्तरातच अर्धा शोध असतो. ऑफिसच्या दोन राउटरमध्ये एचएसआरपी, म्हणजे एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायची व्यवस्था, असेल तर डीफॉल्टला दर ३ सेकंदांनी हॅलो आणि १० सेकंद काही ऐकू आलं नाही की दुसरा ताबा घेतो. ओएसपीएफला नेहमीच्या सेटिंगमध्ये १० सेकंदांचा हॅलो आणि ४० सेकंदांनी शेजारी मेला असं मानतात. सिस्को राउटरवर बीजीपी ६० सेकंदांनी हालहवाल विचारतं आणि १८० सेकंद म्हणजे पूर्ण ३ मिनिटं वाट बघतं. मग कोणी म्हणालं "मॅडम, साधारण तीन मिनिटं सगळ्यांचं अडकलं आणि आपोआप सुटलं", तर पहिला संशय बीजीपीच्या होल्ड टायमरवर घ्यायचा, लिंक पोर्ट अप ठेवून मेली आणि राउटरने ३ मिनिटं वाट बघितली असा अर्थ. पाऊण मिनिट असेल तर ओएसपीएफ बघायचं. हे अगदी सेकंदाला जुळणार नाही, कारण वर टीसीपीचा स्वतःचा हिशोब असतो, उत्तर आलं नाही तर ते पॅकेट परत पाठवतं आणि दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट करतं, समजा १ सेकंद, मग २, ४, ८, १६. म्हणजे परत प्रयत्न होतात १, ३, ७, १५ आणि ३१ व्या सेकंदाला. लिंक १६ व्या सेकंदाला बदलून तयार झाली तरी पुढचा प्रयत्न ३१ व्यालाच, आणि युजरला अर्धा मिनिट अडकल्यासारखं वाटतं. कीबोर्ड लॉक असल्यामुळे त्याला काही करताही येत नाही, आणि नेमकं तेव्हाच वैतागून बरेच जण विंडो बंद करतात. म्हणजे जे सेशन अजून काही सेकंदांत आपोआप सुटणार होतं ते स्वतःच्या हाताने तोडतात. ऑफिसमध्ये सगळ्यांना एवढं सांगून ठेवा की खाली एक्स दिसत असेल तर निदान एक मिनिट थांबा, विंडो बंद करू नका. बीएफडी लावून हा वेळ सेकंदाच्या आत आणता येतो पण समोरच्या टोकाच्या राउटरवरही ते लागतं, त्यासाठी मागे लागावं लागतं आणि लागावंच.

आता सगळ्यात फसवा प्रकार, ज्यावर लोकांचे दिवसच्या दिवस जातात. "माझं अडकतंय आणि शेजारच्या ताईंचं मस्त चालतंय." दोन्ही लिंक एकाच वेळी वापरात असतील तर राउटर पॅकेट वाटताना सहसा पाठवणारा आणि घेणारा अशा दोन पत्त्यांवरून गणित करतो आणि त्या जोडीचा सगळा ट्रॅफिक एकाच लिंकवर टाकतो. मेनफ्रेमचा पत्ता सगळ्यांसाठी एकच, म्हणजे कोण कुठल्या लिंकवर जाणार हे पीसीच्या आयपीवरून ठरतं. एक लिंक आजारी असेल तर काही ठराविक पीसी कायम आजारी आणि बाकीचे कायम ठणठणीत. लोक मग तो पीसी फॉरमॅट करतात, केबल बदलतात, एम्युलेटर परत टाकतात. ते करायच्या आधी आयपींची यादी करा, अडकणारे एका बाजूला, चालणारे दुसऱ्या बाजूला, आणि राउटरला विचारा की या पत्त्याचा ट्रॅफिक कुठून जातोय, राउटरमध्ये त्याची कमांड असते. आणि जाताना एक लिंक आणि येताना दुसरी असंही होतं, कारण येतानाचं गणित डेटा सेंटरचा राउटर वेगळं करतो, म्हणून यादी दोन्ही टोकांना पडताळायची.

पण लिंक आजारी म्हणजे काय? पूर्ण बंद असती तर राउटरने बाजूला काढली असती. आजारी लिंकवर हॅलो मेसेज छोटे असतात ते आरामात जातात, साधं पिंगही जातं, अडतं ते मोठ्या पॅकेटचं. इथरनेटवर नेहमीच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त १५०० बाइटचं पॅकेट जातं. लिंकवर जीआरई टनेल, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून न्यायची सोय, असेल तर त्याचे २४ बाइट जातात आणि उरतात १४७६, वर आयपीसेकचं एन्क्रिप्शन असेल तर अजून कमी. १५०० चं पॅकेट आलं आणि त्याच्यावर तुकडे करू नका असा शिक्का असला तर राउटरने ते टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपी मेसेजने कळवायचं की बाबा जरा लहान पाठव. मधल्या फायरवॉलवाल्याने सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलेलं असलं तर तो निरोप पोचतच नाही, मेनफ्रेम तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत राहतो आणि ते परत परत मरतं.

आणि इथे ३२७० ची स्क्रीन बघा. २४ ओळी गुणिले ८० अक्षरं म्हणजे १९२० अक्षरं. लॉगिनची स्क्रीन बरीचशी रिकामी असते, रिकाम्या जागा पाठवाव्या लागत नाहीत, त्यामुळे ती एका छोट्या पॅकेटमध्ये येते. मेनूही येतो. मग कोणी एखाद्या पॉलिसीचे सगळे हप्ते मागितले, पूर्ण भरलेली स्क्रीन, की ते १५०० च्या पुढे जातं, म्हणजे पहिलं पॅकेट पूर्ण आकाराचं, आणि तेच वाटेत मरतं. म्हणून तक्रार अशी येते: "लॉगिन होतं, मेनू येतो, पण लिस्ट उघडली की अडकतं." हे वाक्य ऐकलं की मला तरी बाकी काही विचारावंसं वाटत नाही, आधी पॅकेटचा आकार बघायचा. विंडोजवर पिंग, मायनस एफ, मायनस एल १४७२ आणि पुढे डेटा सेंटरच्या राउटरचा पत्ता. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात आणि मायनस एफ म्हणजे तुकडे करू नका. एका लिंकवर हे गेलं आणि दुसऱ्या लिंकवर १४४८ पर्यंतच गेलं तर दुसऱ्या लिंकवर २४ बाइट खाणारं काहीतरी आहे, म्हणजे बहुधा जीआरई टनेल. मोठा डेटा मेनफ्रेमकडून ऑफिसकडे येतो म्हणून ही टेस्ट डेटा सेंटरकडूनही करायला सांगा, एका बाजूने केलेली पुरत नाही. उपाय सोपा आहे, टनेलच्या टोकांना राउटरवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, बांधून द्यायचा, जीआरईसाठी १४३६, आयपीसेक असेल तर अजून खाली, म्हणजे दोन्ही टोकं पहिल्यापासूनच लहान पॅकेट बनवतात. आणि फायरवॉलवर निदान तो "लहान पाठव" वाला आयसीएमपी मेसेज जाऊ द्यायचा.

त्याच वेळी पोर्टचे एरर काउंटर बघून घ्या. एका बाजूला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) आणि दुसऱ्या बाजूला हाफ (एका वेळी एकच) असं झालं असेल तर सीआरसी एरर म्हणजे खराब झालेली पॅकेट आणि लेट कोलिजन म्हणजे उशिरा झालेल्या टकरी वाढताना दिसतात, कमी ट्रॅफिकला सगळं चांगलं आणि अकरा वाजता गर्दी झाली की हळू.

फायरवॉलचं अजून एक. स्टेटफुल फायरवॉल कनेक्शनची सुरुवात बघते आणि लक्षात ठेवते. डेटा सेंटरला दोन लिंकवर दोन वेगळ्या फायरवॉल असतील आणि त्या आपसात माहिती वाटून घेत नसतील, तर जाताना एकीतून गेलेलं पॅकेट येताना दुसरीतून आलं की ती म्हणते हे कनेक्शन मला माहीतच नाही, आणि टाकून देते. लिंक बदलली की हे हमखास होतं. ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरमधून गेलं त्याची यादी, दोन्ही टोकांकडून घ्या असं त्यासाठीच सांगतात, एका बाजूचा ट्रेसरूट फक्त जायचा रस्ता दाखवतो. आणि बॅकअप लिंक ४जी किंवा ब्रॉडबँडवरची असेल आणि त्यावर नॅट होऊन पत्ता बदलत असेल, तर लिंक दोन सेकंदांत बदलली तरी चालू सेशन मेलीच, कारण टीसीपी कनेक्शन ओळखलंच जातं दोन्हीकडच्या पत्त्यांवरून आणि पोर्टवरून. त्यातला एक बदलला म्हणजे मेनफ्रेमसाठी तो अनोळखी माणूस. वर जुनं सेशन मेनफ्रेमवर तसंच लटकत राहतं आणि परत लॉगिन करायला गेलं की युजर आधीच लॉगिन आहे असं उत्तर येतं. यावर उपाय म्हणजे बॅकअपवरही व्हीपीएन टनेल करून ऑफिसचे पत्ते आहेत तसे मेनफ्रेमपर्यंत न्यायचे, आणि मेनफ्रेमच्या टेलनेट सर्व्हरवर टाइममार्क आणि स्कॅनइंटरव्हल नावाची सेटिंग असतात ती मेनफ्रेमच्या टीमला नीट लावायला सांगायची, म्हणजे मेलेली सेशन तो स्वतः शोधून साफ करतो. जेवून आल्यावरच स्क्रीन मेलेली सापडते अशी तक्रार असेल तर लिंकचा काही दोष नाही, बऱ्याच फायरवॉल तासभर गप्प असलेलं कनेक्शन काढून टाकतात, तिथेही टाइममार्कचा उपयोग होतो.

मुख्य लिंक परत आल्यावर दुसरा झटका बसतो तोही लक्षात ठेवा. मुख्य राउटरला ताबा परत घ्यायची सेटिंग दिलेली असेल तर तो चालू झाला की लगेच ताबा घेतो पण त्याचं पलीकडचं राउटिंग अजून तयार नसतं, आणि सुरळीत चाललेलं ऑफिस परत अडकतं. ताबा घेण्याआधी थांबायची सेटिंग असते, ती एखाद दोन मिनिटांवर ठेवली की हा त्रास जातो.

आता पैशाचा विषय, जो मॅनेजर मंडळींनी जरूर वाचावा. समजा एक लिंक वर्षातला ९९.५ टक्के वेळ चालते, म्हणजे वर्षाला साधारण ४४ तास बंद. तशाच दोन लिंक घेतल्या तर कागदावर दोन्ही एकदम बंद असण्याचा वेळ येतो वर्षाला १३ मिनिटं. फार छान आकडा आहे, पण तो खरा केव्हा, तर दोघींची दुखणी एकमेकींशी अजिबात जोडलेली नसतील तेव्हा. ठाण्याहून कळव्यामार्गे नवी मुंबईला जाणाऱ्यांना माहीत आहे, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की ठाण्याची टीएमटीची बस आणि नवी मुंबईची एनएमएमटीची बस दोन्ही तिथेच उभ्या असतात. दोन कंपन्यांच्या फायबरही तशाच ठाणे-बेलापूर रस्त्याकडेच्या एकाच खड्ड्यातून गेलेल्या असू शकतात, किंवा दुसऱ्या कंपनीने पहिलीचीच फायबर भाड्याने घेतलेली असते, आणि जेसीबीचं एक फावडं दोन्हीला पुरतं. लिंक घेताना कंपनीचं नाव वेगळं आहे यावर खूश होऊ नका, रूटचा नकाशा मागा, खाडी कुठून ओलांडता ते विचारा, एक कळवा-विटावा बाजूने असेल तर दुसरी मुलुंड-ऐरोली पुलावरून आहे का, बिल्डिंगमध्ये दोन्ही एकाच पाइपमधून शिरतात का, आणि दोन्ही मीडिया कन्व्हर्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावलेत का. शेवटचं ऐकायला क्षुल्लक वाटतं पण जाऊन बघा एकदा तुमच्या सर्व्हर रूममध्ये.

दुसरी लिंक रेडिओवरची घेतली तर खोदकामाचा धोका गेला, पण १० गिगाहर्ट्झच्या वरच्या मायक्रोवेव्हला आपल्याकडचा जुलैचा पाऊस खातो, म्हणजे ज्या दिवशी फायबर जायची शक्यता जास्त त्याच दिवशी रेडिओही कच्चा. ती तिसरी म्हणून चांगली. व्हीसॅट म्हणजे उपग्रहावरून चालणारी लिंक, तिचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, एका एंटरला जाऊन येऊन अर्ध्या सेकंदाच्या वर लागतो, ३२७० वर ते चालून जातं कारण दर अक्षराला नाही तर एंटरलाच फेरी होते.

आणि तो १३ मिनिटांचा आकडा अजून एका गोष्टीवर अवलंबून आहे, की बॅकअप बंद पडली तर तुम्हाला लगेच कळतं. मुख्य लिंक चालू असताना बॅकअप मे महिन्यात मेली तरी कोणाला काही जाणवत नाही, ती कळते ऑगस्टमध्ये मुख्य गेल्यावर. म्हणून बॅकअपवर रोज थोडा खरा ट्रॅफिक चालवा, काही पीसी मुद्दाम तिच्यावर ठेवा, आणि तीन महिन्यांतून एकदा शनिवारी काम संपायच्या सुमारास सगळ्यांना आधी सांगून मुख्य लिंक बंद करून बघा. केबल उपटून केलेली टेस्ट अर्धवट असते, कारण केबल उपटली की पोर्ट डाउन होतं आणि राउटरला लगेच कळतं, तुम्हाला तपासायचंय ते पोर्ट अप असताना मेलेली लिंक राउटर ओळखतो का. त्यासाठी लिंकवाल्यालाच त्याच्या मधल्या टोकाला सर्किट बंद करायला सांगा. त्या वेळी दोन चार जणांना चालू सेशनमध्ये बसवा, एकाला पूर्ण भरलेली लिस्ट उघडायला सांगा, आणि किती सेकंद एक्स राहिला ते घड्याळावर मोजा.

लिंकवाल्याकडे तक्रार टाकताना "लिंक स्लो आहे" असं लिहिलं की तो पोर्ट बघून तिकीट बंद करतो. सर्किट नंबर, दोन्ही टोकांचे पत्ते, १४७२ चं पिंग कुठल्या लिंकवर गेलं आणि कुठल्या नाही, दोन्हीकडचे ट्रेसरूट, पोर्टचे एरर काउंटर, आणि सुरू झाल्याची व संपल्याची वेळ एवढं द्या, मग त्याला हात वर करता येत नाहीत. वेळेच्या बाबतीत सगळ्या राउटरना एनटीपी, म्हणजे घड्याळं जुळवून ठेवणारी सोय, लावलेली असू द्या आणि लॉग जुळवताना मेनफ्रेमचं घड्याळ कुठल्या टाइमझोनवर आहे ते विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी तिथले लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असतात, त्यात ०५:४२ ला सेशन तुटलं दिसलं तर ते आपल्या राउटरच्या लॉगमध्ये ११:१२ ला शोधायचं.